कडेनं बघणारे परकार चाचा

परकार चाचा बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नसत. माझ्या उजव्या कानाच्या जरा पलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं तसं बघत आणि तिथेच बोलत. मला ते फार बरं वाटायचं. कुणी सरळ डोळ्यांत बघून बोललं की माझे शब्द आधी इंग्रजीत जातात आणि मग कुठेच जात नाहीत. चाचांसमोर तसं होत नसे. मला वाटायचं, जुन्या वळणाचे आहेत, परक्या मुलीकडे रोखून बघायचं नाही हा त्यांचा अदब असेल. दुकानात आल्यापासून कितीतरी महिने मी असंच समजत होते.

दुकान शिकारीच्या आणि नेमबाजीच्या सामानाचं होतं. शोरूम शहरात आणि दुरुस्तीचं वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियात. परदेशी पुरवठादारांना ईमेल करायच्या आणि प्रत्येक बंदुकीसोबतची परवान्याची कागदपत्रं सांभाळायची, हे माझं काम. आखातातल्या या शहरात आमचं घर अल दुहैलला. बाबा गॅस प्लांटमध्ये, मूळचे आम्ही नाशिकचे. शाळा इथली, इंग्रजी. आईशी मी मराठीत बोलायचे, पण कामाच्या गोष्टी मराठीत बोलायची वेळ पहिल्यांदा आली ती वर्कशॉपमध्ये.

पहिल्या दिवशी मी त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं आणि एका पार्टचं नाव इंग्रजीत विचारलं. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला.

"तू नाशिकची ना गो? मग मराठीत सांग. इंग्लिशमधी लोखंड पातळ लागतं."

त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. अरबी त्याहून चांगलं. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून ते तरुणपणी लेथवर काम करायला आले. त्यांचे वडील गावात ठासणीच्या बंदुका दुरुस्त करत. डुकरं शेतात शिरू नयेत म्हणून परवान्यावर ठेवलेल्या त्या लांबच लांब बंदुका. त्यामुळे लेथवरून बंदुकांकडे ते आपोआप सरकले. मी पाहिलं तेव्हा साठी उलटली होती. दाढी पांढरी आणि नेमकी कापलेली, शर्टाच्या खिशात पितळेचा एक छोटा दांडा आणि खजूर. साखर बंद केली होती, म्हणून बिनसाखरेचा चहा आणि त्यासोबत मूठभर खजूर. हे कसलं पथ्य, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, साखर कारखान्यातली आणि खजूर अल्लाची, डॉक्टरला फरक कळत नाय.

स्वभावानं गोड नव्हते. गिऱ्हाइकांना टोमणे मारत. एक तरुण मुलगा भलीमोठी दुर्बीण घेऊन आला आणि छोट्या रायफलवर लावून द्या म्हणाला, तेव्हा त्यांनी अतिशय आदरानं अरबीत विचारलं, की रायफल दुर्बिणीवर लावायची की दुर्बीण रायफलवर. मुलगा रागावून गेला. मॅनेजर बेनी सरांनी चाचांना झापलं. चाचांनी दिव्याला दोष दिला, वर्कशॉपचे दिवे इतके मंद आहेत की त्यांना रायफल दिसलीच नाही. दिवे बदलले. मग दिवे फार पांढरे झाले. मग चष्म्याची काच खराब निघाली. पुढे पुढे त्यांच्या तोंडी सतत काहीतरी खराब निघत असे.

वर्ल्डकप जवळ येत चालला होता. रस्ते रोज बदलायचे. काल जिथून कंपनीची बस वळली तिथे आज खड्डा आणि पट्ट्यापट्ट्यांचे अडथळे असायचे. "हे शहर रोज खोलतात नि रोज जोडतात," चाचा म्हणायचे, "झीरो कसा राहील?" झीरो म्हणजे त्यांच्या धंद्यात नेम आणि गोळी एकाच जागी येणं. त्या वर्षांत सगळेच जण सगळ्या गोष्टी वर्ल्डकपवर ढकलत. लग्नं, नोकऱ्या, परत जाणं. चाचाही म्हणायचे, मला फक्त वर्ल्डकपपर्यंत राहू दे, मॅच बघून जातो. फुटबॉलमध्ये एका बाजूला किती खेळाडू असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण आमच्या कंपनीत साठीनंतर रेसिडेन्सी वाढवायची की नाही हे मालकांच्या घरच्यांच्या मर्जीवर असे, आणि त्यांना राहायचं होतं. का, ते मला नंतर कळलं.

मालकांचे वडील वृद्ध होते. सगळे त्यांना नुसतं 'वालिद' म्हणत. एक दिवस त्यांच्या ड्रायव्हरनं चामड्याची एक पेटी आणून दिली. आत मखमलीच्या खाचांमध्ये रायफल दोन तुकड्यांत झोपवली होती. एका खाचेत नळी, दुसऱ्या खाचेत दस्ता आणि लिव्हरचा भाग. नळी थोडी फिरवली की सुटते, फिरवली की बसते. प्रवासाला सोयीची. वालिदना आता तिची नेम धरायची मागची खाच धूसर दिसायची. मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचं लक्ष्य या तिन्हींवर म्हातारा डोळा एकदम ठरत नाही. दुर्बीण लावायला ते तयार नव्हते. तसं मारायचं तर फोनवरूनच मारीन, असा निरोप होता.

"पीप लावायची," चाचा म्हणाले. मला काही कळलं नाही हे त्यांनी बघितलं, म्हणजे माझ्या कानापलीकडे बघितलं. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनीचं गोल भोक करून माझ्या डोळ्यासमोर धरलं. "भोकाकडं बघायचं नाय. भोकातनं बघायचं. डोळा आपोआप मधोमध येतो, त्याला शिकवायला लागत नाय. तुझं काम फक्त माशी लक्ष्यावर ठेवायचं."

मग निवड सुरू झाली. मी पुरवठादारांच्या याद्या मराठी करून वाचायचे आणि ते ऐकायचे. भोकाची साइट तीन जागी बसू शकत होती. नळीवर, जुन्या खाचेच्या जागी. किंवा अगदी मागे, दस्त्याच्या मानेवरच्या पट्टीवर, उभी-आडवी होणारी. किंवा रायफलीच्या मधल्या लोखंडी पेटीवर, जिथे लिव्हर काम करतं. नळीवरची मी आधी वाचली, कारण ती स्वस्त होती आणि सोपी. चाचा मान हलवत राहिले.

माझ्या मनातला प्रश्न त्यांना ऐकू आला असावा. म्हणाले, नळीवर लावली तर एक फायदा आहे, दोन्ही साइटी एकाच तुकड्यावर राहतात. रायफल कितीदा खोला, जोडा, त्या एकमेकींना सोडत नाहीत. आयुष्यभर त्यांनी टेकडाउनवर, म्हणजे अशा दोन तुकड्यांत सुटणाऱ्या रायफलींवर, तसंच केलं होतं. "पण डोळ्यापासून लांब गेली की भोक भोक राहत नाय, नुसती कडी होते. म्हाताऱ्याला जवळ पायजे."

मानेवरची सगळ्यात जवळ, पण ती अंगठ्याच्या वाटेत येते, आणि पेटीत ठेवताना दर वेळी आडवी करायला हवी. वालिद विसरतील, मखमल फाडतील, मग मला शिव्या देतील, चाचा म्हणाले. म्हणून मधल्या पेटीवरची. तिथे कारखान्यानंच भोकं पाडून बुजवणारे स्क्रू बसवून ठेवले होते, त्यामुळे नवीन काही पाडायचं नव्हतं. फक्त मागची साइट एका तुकड्यावर, पुढची माशी दुसऱ्या.

"नवरा इथं, बायको तिथं," चाचा म्हणाले. "दर सुट्टीला जोडायचं. कधी बरोब्बर बसतं, कधी नाय. जोडावरची कडी आवळून ठेवायला लागंल, म्हणजे दर वेळी तितकंच फिरंल."

मागची साइट उंच झाली की माशीही उंच लागते. ती पांढऱ्या ठिपक्याची घ्यायची की काळी, यावर दोन दिवस गेले. पितळी ठिपका इथल्या उन्हात एका बाजूनं चमकतो आणि डोळा त्या चमकेला मध्य समजतो, म्हणून पितळी बाद. शेवटी हस्तिदंती रंगाची मागवली. चाचांचं एक वाक्य ठरलेलं होतं, कानस हातात घेतली की म्हणायचेच: घासलेलं परत येत नाय. माशी घासून कमी करायची तर थोडी थोडी, कारण उंची पुन्हा चिकटवता येत नाही.

सामान आलं त्या आठवड्यात मी रोज वर्कशॉपला जात होते. त्यांचे हात बघण्यासारखे होते. स्क्रूची खाच नखानं शोधायची, पितळेच्या दांड्यानं माशी बाजूनं हलकेच ठोकून सरकवायची, मग अंगठा फिरवायचा. सगळं बोटांनी. मला वाटलं, सवय. साइट बसली. त्यांनी रायफल खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे रोखली, बराच वेळ बघितलं, मग भोकाची चकती काढली आणि बारीक भोकाची लावली. पुन्हा बघितलं. मग मोठ्या भोकाची. मग पुन्हा बारीक. कपाळाला घाम आला होता, एसी चालू असून.

"इकडं ये," ते म्हणाले. "रिकामी हाय, घाबरू नको. बघ. माशी दिसते?"

मी बघितलं. धूसर काळ्या गोलाच्या मधोमध पांढरा ठिपका, अगदी स्वच्छ. माझा डोळा खरंच आपोआप तिथे जाऊन बसला. हो, दिसते, म्हटलं.

"कशी?"

मी सांगितलं. त्यांनी ते सगळं शब्द न् शब्द हळू आवाजात परत म्हटलं, मी याद्या वाचताना ते म्हणायचे तसं. आणि मग स्टुलावर बसले.

"मला भोक दिसतं. टाकी कडेकडेनं दिसते. माशी नाय. जिथं बघतो तिथंच काय नसतं बाय. बाजूला बघितलं की तिथं असतं."

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. आधी एका डोळ्याचा, मग दुसऱ्याचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं येणार नाही, कडेचं राहील. ते माझ्या कानाकडे का बघत हे मला त्या क्षणी कळलं. माझा चेहरा बघायचा तर त्यांना बाजूला बघावं लागत होतं. इतके महिने ते मला बघायची धडपड करत होते आणि मी ते बघत नाहीत म्हणून निवांत होते.

त्यांनी सांगितलं, कुणाला बोलू नको.

चाचांनी हार मानलीच नाही. घरातली बाई रेसिपी शोधते तसे ते उपाय शोधत होते. गाजरं, थेंब, केरळी वैद्याचं तेल, कुणीतरी उमऱ्याच्या यात्रेहून आणलेलं झमझमचं पाणी. एक दिवस जुन्या चष्म्याच्या काचांना काळी टेप लावून त्याला सुईनं भोकं पाडून बसले होते. म्हाताऱ्या वालिदना भोक उपयोगी पडतं, मग मला का नाही, असा हिशेब. तसा चष्मा घालून चहा करायला उठले आणि कोपऱ्यातल्या लोखंड पकडायच्या शिकंज्यावर आदळले. हसले. मीही हसले. मग भोकं टोचायची जागा बदलली, मध्याऐवजी कडेला, आणि मला विचारलं, असं दिसतं का गो कुणाला?

तेव्हाच त्यांनी सांगितलं, राहायचं कशासाठी. गावी स्लॅबचं घर बांधलं होतं. बायकोसाठी. दर सुट्टीला जायचे, पाहुण्यासारखे जेवायचे, पाहुण्यासारखे निघायचे. बायको दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. आता पुतण्या आणि त्याची माणसं राहतात, चांगली आहेत.

"इथं डोळे मिटून मला सगळं सापडतं," म्हणाले. "कानस कुठं, तेल कुठं, पायरी कुठं. तिथं उघड्या डोळ्यांनी पण पुतण्याच्या बायकोला विचारायला लागतं, ग्लास कुठं हाय. आता आंधळा होऊन त्या घरात जाऊ? मी त्या घरात कधी राहिलोच नाय गो. ती असती तर हात धरून फिरवलं असतं."

म्हणून त्यांना ती रायफल बिनचूक करायची होती. वालिद खूश झाले, तर शब्द टाकतील. वाढवा म्हणतील. नेम लावायचं नाही का जमेना, हातानं होणारं काम पुष्कळ होतं.

रेंजवर गेलो तो सकाळचा गार वारा सुटलेला दिवस होता. परवान्याचे कागद घेऊन मी होते, बेनी सर होते. चाचांनी दोन तुकडे पेटीतून काढून न बघता जोडले. वालिद टेबलाशी बसले, त्यांनी गोळ्या मारल्या, बेनी सरांनी दुर्बिणीतून बघून हात वर केला. सगळ्या एका मुठीत मावतील अशा. थोड्या खाली होत्या. चाचांनी बोटांनी साइटची खूण मोजून ती वर केली, आणि पुढच्या मधोमध लागल्या. मग त्यांनी मुद्दाम रायफल खोलली, पेटीत ठेवली, पेटी हातात घेऊन हलवली, काढली, जोडली. वालिदनी पुन्हा मारल्या. त्याच जागी. म्हातारा लहान मुलासारखा हसला. चाचांची बोटं शर्टाच्या खिशात पितळेचा दांडा शोधत होती, उगाच.

आता एक रीत होती, ती मला माहीत नव्हती. चाचांना होती. वालिदच्या वडिलांपासून चालत आलेली. काम नीट झालं की शेवटची गोळी ज्यानं काम केलं त्याची. तो मान असतो, नाही म्हणता येत नाही. वालिदनी रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून चाचांसमोर केली.

चाचांनी ती घेतली. दस्ता गालाला लावला. कोंबडी दाणा बघताना मान वाकडी करते तशी मान केली, सरळ केली, पुन्हा वाकडी केली. इतका वेळ गेला की बेनी सर माझ्याकडे बघायला लागले. मी मनातल्या मनात म्हणत होते, मधोमध, मधोमध, जणू मला दिसत होतं म्हणून त्यांना दिसेल. आवाज झाला. लक्ष्याच्या फळीपासून कितीतरी बाजूला, नुसत्या वाळूत, धूळ उडाली.

कुणी हसलं नाही. वालिदनी उठून रायफल हलकेच त्यांच्या हातातून घेतली, लिव्हर उघडून रिकामी केली, आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ हळू आवाजात बोलले. माझं अरबी शाळेतलं. मला एकच शब्द पुन्हा पुन्हा कळला, बैत. घर. वालिदचे डोळे भरले होते. चाचा मान खाली घालून ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, शुक्रन, वालिद.

परतताना गाडीत मी विचारलं, तेव्हा चाचांनी सांगितलं.

"घरी पाठवतायत. मानानं. म्हणाले, तुझ्या डोळ्यांनी आमच्यासाठी पुष्कळ केलं, आता तुझ्या घरी, तुझ्या माणसांत बस. तिकीट, सामान, सगळं ते बघतील."

तुम्ही नाही म्हणा ना, मी म्हटलं.

"काय म्हणू? घर नाय म्हणू? घर तर हाय. खोटं कसं बोलू."

दुसऱ्या दिवशी मी बेनी सरांच्या केबिनमध्ये गेले. तोपर्यंत मी तिथे कधी स्वतःहून गेले नव्हते. चाचांना जायचं नाहीये, हातानं होणारं काम करतील, असं मी एका दमात सांगितलं. सर चिडले नाहीत. म्हणाले, आंधळ्या माणसाच्या हातात मी बंदुका कशा देऊ, वर्ल्डकपमुळे तपासणीही कडक आहे. आणि मग, की इथला प्रत्येक माणूस घरी जाऊ द्या म्हणून माझ्याकडे रडतो, तू पहिली आहेस जी उलट सांगतेस. वालिदचा मान परत कसा करायचा, तूच सांग.

जाण्याआधीच्या गुरुवारी दुपारी चाचांनी मला वर्कशॉपला बोलावलं. बाकी सगळे जेवायला गेले होते. पुतण्यानं घराचा व्हिडिओ पाठवला होता. दारातून आत, खोल्याखोल्यांतून, मागच्या अंगणापर्यंत. फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाच."

मी वाचलं. पुढे पडवी, तिला कठडा. मग दार, उंबरठा उंच आहे. आत आलं की डावीकडे सोफा, उजवीकडे जिना. जिन्याखाली इन्व्हर्टर आहे, तिथे डोकं सांभाळायचं. समोर स्वयंपाकघर, त्याच्याआधी पुन्हा उंबरठा, हा लहान. पाण्याचा माठ दाराशीच, खिडकीच्या बाजूला. मी थांबले की ते म्हणायचे, माठ खिडकीच्या बाजूला, आणि मान हलवायचे. जिना कुठल्या हाताला हे त्यांनी तीनदा विचारलं. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता, तो कुठे आहे हेही सांगितलं. फोटोत त्या कशा दिसतात, हे त्यांनी विचारलं नाही.

मग त्यांनी फोन बंद करायला सांगितला. लेथ आणि शिकंज्याच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. डोळे मिटलेले असावेत. एक हात पुढे केला आणि हवेत दाराची कडी शोधली, सापडली असावी, कारण तो हात तसाच आत ढकलला. आणि वर्कशॉपच्या त्या सपाट सिमेंटवर, जिथली इंच न् इंच जागा त्यांना ठाऊक होती, त्यांनी पाय उंच उचलला आणि जपून पलीकडे टाकला.